धाव मोडली, थारोळं बुजलं

पिंपळगाव रेणुकाई आज मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या या गावात हंगामात हिरव्या मिरचीचे ढीग लागतात आणि भरलेले ट्रक परराज्यांची वाट धरतात. ही मिरची विहिरीच्या पाण्यावर येते. उन्हाळी लागवडीला एप्रिल-मे महिन्यांत पाणी लागतं. त्या दिवसांत ते कुठून येतं, असं विचारलं तर शेतकरी मोटारीचं बटण, ठिबकच्या नळ्या किंवा बोअर दाखवतो. या सगळ्यांच्या आधी आमच्या भागातली बागायत ज्या यंत्रावर उभी होती, ती मोट मात्र गावोगावच्या शिवारातून नाहीशी झाली आहे. कुणालाही लांबून ओळखू येईल अशी तिची खूण विहिरीपाशी असे. आता नव्या पिढीला ती खूण दाखवायला फारशी जागाही उरलेली नाही.

मोट म्हणजे नुसती चामड्याची पिशवी नव्हे. विहिरीच्या काठावर उंच खांबांमध्ये बाभळीचं चाक, त्याच्या खाली काठालगत लाकडी रूळ, रुळापुढे पाणी झेलणारं दगडी थारोळं आणि थारोळ्यापासून विहिरीकडे पाठ करून उतरत जाणारी लांब धाव, असा तो सगळा पसारा असे. धाव साधारण विहिरीच्या खोलीइतकी लांब ठेवत, कारण बैल जेवढे पुढे चालतील तेवढीच मोट वर येणार. ती मुद्दाम उतरती करत. ओढताना बैलांच्या ताकदीला त्यांच्याच वजनाची जोड मिळायची. शिवाय मोटकरी जाड दोरावर बसून आपलाही भार टाकायचा.

सोंडेच्या मोटेची करामत दोन दोरांत होती. जाड दोर म्हणजे नाडा. तो वरच्या चाकावरून जाऊन मोटेचं तोंड धरायचा. बारीक दोर म्हणजे सोंदूर. तो खालच्या रुळावरून जाऊन मोटेच्या सोंडेला बांधलेला असायचा. मोट वर चढत असताना सोंड दुमडून तोंडाच्या उंचीला राहायची, त्यामुळे पाणी सांडत नसे. काठाशी आल्यावर तोंड चाकाकडे वर जायचं, सोंड मात्र सोंदुराच्या ओढीने रुळावरून थारोळ्यात लोळायची आणि मोट आपोआप रिकामी व्हायची. विहिरीच्या काठावर दुसऱ्या माणसाची गरजच नव्हती. मोट ओतली की मोटकरी बैलांना धावेवरून मागे पावलं टाकत वर आणी आणि रिकामी मोट पुन्हा पाण्यात जाई. चढावर उलटं चालायला बैल तयार करणं हे वेगळंच कसब होतं.

या एका यंत्रात गावाचे निम्मे हुन्नर एकत्र यायचे. चाक आणि रूळ सुताराचे, आस आणि कड्या लोहाराच्या. नाडा-सोंदूर अंबाडी किंवा केकताडाच्या वाखाचे, ते मांगवाड्यात वळले जायचे. मोट चर्मकार शिवायचा आणि कातडं कडक होऊ नये म्हणून तिला तेल पाजलं जायचं. पुढे पत्र्याची मोट आली, पण तिच्याही तळाची सोंड चामड्याचीच राहिली. बलुत्याच्या ओळींत सुतार-लोहारांना थोरल्या ओळीत स्थान का होतं, ते मोटेच्या विहिरीवर उभं राहिलं की कळायचं.

तिथेच या व्यवस्थेचा कलंकही दिसायचा. ज्यांनी कातडं कमावलं, मोट शिवली, नाडा वळला, त्यांच्या हातचं चामडं गावाच्या पाण्यात दिवसभर बुडत असे आणि त्याच पाण्याने मळे भिजत. पण त्याच माणसांनी पाणवठ्यावर घागर लावली की विटाळ मानला जाई. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो याच अन्यायाविरुद्ध. मोटेची आठवण काढताना ही बाजू गाळली तर ती आठवण खोटी ठरेल.

महसुलाच्या भाषेत बागायतीचे दोन प्रकार होते, मोटस्थळ आणि पाटस्थळ. मराठवाड्यात मोठे कालवे येईपर्यंत बहुतेक बागायत मोटस्थळच होती. पहाटे मोट जुंपायची, ऊन चढलं की सोडायची, दुपार कलल्यावर पुन्हा जुंपायची. एक जण मोट हाकायचा, दुसरा खाली दारं धरायचा. पाटातून पाणी दांडात, दांडातून वाफ्यात. मिरची, कांदा, लसूण, वांगी, गहू अशी पिकं त्यावर निघत. मोटेवर म्हणायची वेगळी गाणी होती, त्यांची लय बैलांच्या पावलाला धरून असे. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी मोटेवर काव्य रचलं, ते रोजच्या पाहण्यातूनच.

मोठ्या घराण्यांनी मोटेसाठी केलेल्या वास्तू अजून उभ्या आहेत. साताऱ्याजवळ लिंब इथली बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. आमराईला पाणी देण्यासाठी तिच्यावर एका वेळी बारा मोटा चालू शकत. आज लोक ती बघायला लांबून जातात. आमच्या साध्या शेतकऱ्यांच्या एकमोटी, दुमोटी विहिरींना तो मान मिळाला नाही.

मोट एकाएकी गेली नाही. 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षांत तेलावरची इंजिनं शेतात आली. 1960 साली राज्य वीज मंडळ स्थापन झालं, गावोगाव तारा ओढल्या गेल्या आणि इंजिनाच्या जागी मोटार बसली. 1972 च्या दुष्काळाने उरलासुरला निकाल लावला. विहिरी आटल्या, बैल विकले गेले, खोदकाम खोल गेलं आणि मग बोअरची यंत्रं आली. रिकामी धाव शेतकऱ्याला अडचण वाटू लागली. ती सपाट करून दोन सऱ्या वाढल्या. थारोळ्याचे दगड कुठे पायरीला गेले, कुठे बांधाला.

याचं दुःख करताना मोटकऱ्याचे श्रम विसरून चालणार नाही. दिवसभर धावेवर पुढे-मागे करणाऱ्या माणसाला आणि बैलाला मोटारीने सोडवलं, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर एक मर्यादाही सुटली. मोट दीडशे लिटरची आणि तासाला चाळीस खेपा धरल्या, तर तासाचं पाणी सहा हजार लिटर. पाच अश्वशक्तीची मोटार त्याच्या पाच-सहा पट पाणी सहज उपसते. बैल दमले की उपसा थांबायचा आणि रात्रीतून झऱ्यांनी विहीर पुन्हा भरायची. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खाली काळा पाषाण आहे. त्याच्या फटींत मुरतं तेवढंच पाणी आपलं. 2012 च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा हा हिशेब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला. 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना बंधन घालणारा महाराष्ट्र भूजल अधिनियम लागू झाला तो 2014 साली. त्याआधी शेकडो वर्षं बैलाचा दम आणि नाड्याची लांबी यांनीच ते बंधन पाळायला लावलं होतं.

मर्यादेत राहून बागायत करता येते, हे याच जिल्ह्यातल्या कडवंची गावाने दाखवलं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे पाणलोटाची कामं झाली, पाणी अडवलं, शेततळी केली आणि त्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. मोटेने शिकवलेला हिशेब तिथे नव्या साधनांनी मांडला गेला.

बैल पुन्हा मोटेला जुंपावेत असं कुणीही म्हणणार नाही. पण प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारात उरलेल्या मोटेच्या विहिरींची नोंद करावी, एखादी धाव आणि एखादं थारोळं मोडू न देता राखावं, त्या विहिरीच्या पाण्याची पातळी शाळेच्या मुलांकडून दर महिन्याला मोजून फळ्यावर लिहावी. मोट हाकलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. पिंपळगावात किंवा तुमच्या गावात असं कुणी असेल, तर त्यांच्याकडून मोटेच्या भागांची नावं आणि मोटेवरची गाणी याच वर्षी लिहून घ्या.