गोळीच्या टोकावरचा मिलिमीटर

दादर आणि प्रभादेवीच्या सीमेवर, काशिनाथ धुरू रस्त्यावर कीर्ती महाविद्यालय आहे. अंजली वेदपाठक इथल्या एनसीसीतून नेमबाजीकडे वळल्या आणि 1988 साली राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. पुढे अंजली भागवत या नावाने त्यांनी 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. शिवाजी पार्कसमोर सावरकर स्मारकात नेमबाजीचं प्रशिक्षण मिळतं, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. म्हणजे नेमबाजी हा या परिसराचा जुना खेळ. त्याविषयी बोलताना आपण नजर, श्वास आणि बोटाचा दाब यांबद्दल भरपूर बोलतो. नळीतून सुटलेल्या गोळीचं टोक कसं होतं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. खरं तर त्या टोकावरच्या एखाद्या मिलिमीटरसाठी माणसांनी शंभर वर्षांहून अधिक काळ डोकं खपवलं आहे.

दहा मीटरच्या एअर रायफलपासून सुरुवात करू. तिथे दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. या छर्ऱ्याला टोकच नसतं, त्याचं तोंड सपाट असतं. टोकदार छर्रा कागद फाडतो, सपाट छर्रा त्यात स्वच्छ गोल भोक पाडतो, आणि गुण मोजताना वाद उरत नाही. इतक्या कमी अंतरावर हवेच्या विरोधाची पर्वा करण्याचं कारण नसतं.

पन्नास मीटरवर ०.२२ ची रायफल येते. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिक इथे जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते याच अंतरावर, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवलं तेही. या रायफलची गोळी शिशाची, वजनाने सुमारे 2.6 ग्रॅम. स्पर्धेचं काडतूस मुद्दाम असं भरतात की गोळीचा वेग सेकंदाला सुमारे 330 मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली राहावा. आवाजाचा वेग ओलांडताना किंवा त्याखाली उतरताना गोळीभोवतालची हवा खवळते आणि गोळी डळमळू शकते, म्हणून तो उंबरठाच टाळायचा. या वेगाला टोक तीक्ष्ण करून फारसं काही मिळत नाही, कारण विरोधाचा मोठा वाटा गोळीच्या मागच्या बाजूला तयार होतो. त्यामुळे टोक गोलसर असतं, काही नामांकित काडतुसांत तर सपाटच.

तीनशे मीटरपासून हजार यार्डांपर्यंत मात्र सगळं उलटतं. इथे गोळी आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगाने निघते आणि तिच्या पुढे हवेचा आघाततरंग उभा राहतो. अर्न्स्ट माख आणि पीटर साल्शर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1887 मध्ये प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांत तो जगाला पहिल्यांदा दिसला. टोक जितकं बोथट तितका हा तरंग जोरकस, आणि तितका वेगाचा ऱ्हास मोठा. जर्मनीने 1905 मध्ये टोकदार गोळी स्वीकारली, ब्रिटिशांनी 1910 मध्ये. ब्रिटिशांच्या ०.३०३ रायफलची जुनी गोलनाकी गोळी 215 ग्रेन वजनाची, वेग सेकंदाला साधारण 630 मीटर. नवी ‘मार्क सात’ 174 ग्रेनची, वेग 744 मीटर.

या मार्क सातच्या पोटात एक गंमत दडलेली होती. बाहेरून सलग धातूची वाटणारी ही गोळी टोकाशी शिशाची नव्हतीच. पुढचा भाग ॲल्युमिनियमने आणि टंचाईच्या काळात लाकडाच्या लगद्याने भरलेला असे. वजन कमी झालं तरी लांबी आणि निमुळता आकार कायम राहिला, आणि गुरुत्वमध्य मागे सरकला. ही काडतुसं आपल्याकडेही बनत. पुण्याजवळ खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. ०.३०३ च्या काडतुसांच्या बुडावर दिसणारी ‘के. एफ.’ ही अक्षरं तिथलीच.

आजच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेतली गोळी आणखी वेगळी. लष्करी गोळीचं तांब्याचं कवच टोकाकडून चढवतात आणि मागून उघडं ठेवतात. स्पर्धेच्या गोळीचं कवच बुडाकडून चढवून टोकाशी उघडं सोडतात, म्हणून तिच्या टोकाला बारीकसं भोक दिसतं. हे भोक गोळी फुटावी म्हणून नसतं. डमडमच्या कारखान्यातल्या ज्या फुटणाऱ्या गोळ्यांच्या निमित्ताने 1899 च्या हेग जाहीरनाम्यात बंदी आली, त्यांच्याशी याचा गोंधळ करू नये. इथे सगळा खटाटोप बूड निर्दोष राहावं यासाठी आहे. नळीतून शेवटी सुटतं ते बूड, आणि ते तसूभर तिरकं असलं तरी मागचा वायू गोळीला बाजूला ढकलतो. फ्रँकलिन मान या अमेरिकी डॉक्टरने गोळ्या मुद्दाम विद्रूप करून वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि 1909 मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. नाक बिघडलेल्या गोळ्या बऱ्यापैकी नेमक्या गेल्या, बूड बिघडलेल्या भरकटल्या. मला हा प्रयोग या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो, कारण डोळ्यांना जे महत्त्वाचं दिसतं ते तसं असेलच असं नाही, हे त्याने लक्ष्यावर दाखवून दिलं.

तरी टोकाचा प्रश्न उरतोच. कवच ओढताना टोकाची कड थोडी वेडीवाकडी होते, एका गोळीची जास्त, दुसरीची कमी. म्हणून काही देशांतले हजार यार्डांचे नेमबाज दोन गोष्टी करतात. छोट्या कर्तन-उपकरणाने टोकं समान उंचीची करतात. यात गोळी किंचित बोथट होते आणि हवेचा विरोध थोडा वाढतो, पण सगळ्या गोळ्या सारख्या होतात. मग साच्यात दाबून ते भोक जवळजवळ मिटवतात. यातून हवा कापण्याची क्षमता काही टक्क्यांनी सुधारते. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा हजार यार्डांवर गोळीला दीड ते अडीच मीटर बाजूला नेतो. त्यातले पाच टक्के वाचले तरी आठ-बारा सेंटीमीटर झाले, आणि एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत सर्वांत आतलं वर्तुळ असतं अवघं पाच इंचांचं. कंपन्यांनी प्लॅस्टिकची टोकंही बसवली, पण हॉर्नाडी या अमेरिकी कंपनीने रडारने मागोवा घेतला तेव्हा हवेच्या घर्षणाने ती उडता उडताच मऊ पडतात असं आढळलं. 2015 मध्ये तिने अधिक उष्णता सोसणारं टोक आणलं.

या सगळ्यातून निघणारं तात्पर्य नेमबाजांना चांगलं ठाऊक असतं. तीक्ष्णतेपेक्षा सारखेपणा मोठा. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना काडतूस बनवणं किंवा त्यात बदल करणं गुन्हा आहे, त्यामुळे इथे हा सारखेपणा निवडीतून मिळवावा लागतो. इंग्लंडमधली एली किंवा जर्मनीतली आरडब्ल्यूएस ही कंपनी एकाच नावाची काडतुसं वेगवेगळ्या खेपांत बनवते. रायफल शिकंज्यात घट्ट पकडून प्रत्येक खेपेच्या गोळ्या झाडतात, भोकांचा पुंजका मोजतात, आणि ज्या खेपेचा पुंजका सर्वांत लहान ती स्पर्धेसाठी राखून ठेवतात. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. मैत्रिणीच्या रायफलला मानवलेली खेप आपल्या रायफलला मानवेलच असं नाही.

वरळीला किंवा सावरकर स्मारकात नव्याने नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. गोळीच्या टोकाला कानस लावण्याचा विचारही मनात आणू नका. ते बेकायदा आहे, धोक्याचं आहे आणि पन्नास मीटरवर त्याचा उपयोगही नाही. प्रशिक्षकांना खेपांच्या चाचणीबद्दल विचारा, खोक्यावरचा खेपेचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, आणि गुणांची नोंद नेहमी त्या क्रमांकाखालीच करा.