माळावरचा बोकड : लेखांक ६
खुराक अंगी लागतो, पण कुठे?

चराईवरच्या करडांची वाढ उन्हाळ्यात का खुंटते, हे मागच्या लेखांकात पाहिलं. त्यावरचा सरळ उपाय म्हणजे संध्याकाळी कळप परतल्यावर थोडा खुराक. त्याने वजन वाढतं, यात वाद नाही. पण त्या वाढीत मांस किती, चरबी किती आणि पोटातला चारा किती, हे पाहिल्याशिवाय खुराकाचा खर्च वसूल झाला की नाही ते कळत नाही.

करडू वाढताना आधी हाड जोर धरतं, मग मांस आणि शेवटी चरबी. शेळीची चरबी मेंढीसारखी कातडीखाली जाड थराने बसत नाही. ती आधी पोटात साठते, आतड्यांवरच्या पडद्यात आणि गुर्द्यांभोवती. खाटीक ती वजडीबरोबर बाजूला काढतो. म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या बोकडाला मका चारत राहिलं, तर त्यातला बराच पैसा अशा जागी जातो जिथे गिऱ्हाईक दर देत नाही.

याउलट वाढत्या वयात दिलेला खुराक मांसात उतरतो, मात्र त्यात प्रथिनं हवीत. माळावरच्या वाळल्या गवतात प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की शेळीच्या पोटातले जिवाणूच उपाशी राहतात, आणि भरपूर गवत खाऊनही ते नीट पचत नाही. अशा वेळी मूठभर शेंगदाणा किंवा सरकीची पेंड त्या जिवाणूंना पोसते आणि तेच वाळलं गवत अंगी लागू लागतं. नुसता धान्याचा भरडा हे काम करत नाही. तो जास्त झाला तर गवताचं पचन उलट मंदावतं, आणि एकदम वाढवला तर पोटफुगी नि आंत्रविषाराची भीती असते. सुबाभळीचा पाला, बाभळीच्या शेंगा, तुरीची चुनी ही घरची सामग्री मला म्हणूनच जास्त मोलाची वाटते.

आता उतारा पाहू. २५ किलोच्या उस्मानाबादी बोकडाचा उतारा ४४ टक्के धरला, तर हातात ११ किलो मांस येतं. ४८ टक्के धरला तर १२ किलो. खुराकावरच्या जनावराचा उतारा सहसा जास्त असतो, कारण अंग भरलेलं असतं आणि वजनातला पोटातल्या चाऱ्याचा वाटा कमी असतो. तेव्हा वाढलेला सगळा उतारा मांसाचाच, असं समजू नये. बकरी ईदच्या बाजारात अंगाचा तजेला आणि देखणेपणाही विकला जातो, तिथला हिशोब निराळा.

मांसाचा गुणही बदलतो. हिरव्या चाऱ्यावरच्या शेळीच्या चरबीत ओमेगा-३ जास्त असतं, धान्य वाढलं की ओमेगा-६ चा वाटा वाढतो. खूप धान्य खाल्लेल्या जनावराची चरबी मऊ पडू शकते. पण खुराकाचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. उपाशी, टेम्पोत दाटीने उभं राहून दमलेल्या शेळीच्या स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा संपतो. कापल्यावर त्या मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही. ते काळपट पडतं, लवकर खराब होतं. अंगात साठा असलेल्या जनावरात हे कमी घडतं. अर्थात चांगला खुराक देऊन बाजारात दिवसभर पाण्याविना उभं केलं, तर तो फायदा वाटेतच संपतो.

म्हणून माझं मत असं, की खुराक दूध तुटल्यापासून आणि गवत वाळल्यापासून द्यावा, शेवटच्या महिन्यात नव्हे. १५ किलोच्या करडाला दिवसाला १५० ते २०० ग्रॅम पुरतो, आणि तोही हळूहळू वाढवत न्यावा. तुमच्या कळपातला पुढचा बोकड कापला जाईल तेव्हा खाटकाला सांगून पोटातली चरबी वेगळी तोलून घ्या. ती भरपूर निघाली, तर उरलेल्या बोकडांचा भरडा कमी करा आणि त्यांना लवकर विका.

(पुढील लेखांक : खच्ची बोकड की आंडील?)