जमिनीचा आकाशातला खातेउतारा

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. आज शहरात राहणाऱ्या बहुतेकांना घर बांधावे लागत नाही, विकत घ्यावे लागते. आणि त्यासाठी आयुष्यभराची बचत व पुढील वीस वर्षांचे हप्ते पणाला लावावे लागतात. म्हणूनच गृहकर्ज मंजूर करण्यापूर्वी बँक मालमत्तेच्या मालकी हक्काचा साधारणतः तीस वर्षांचा शोध घेते. मात्र ही कागदपत्रे जमीन कोणाची होती हे सांगतात. त्या जमिनीवर पूर्वी काय होते, हे त्यांतून दरवेळी उमगतेच असे नाही. या दुसऱ्या प्रश्नाची नोंद पन्नासहून अधिक वर्षे आकाशात होत आहे.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए अवकाशात गेला आणि आपल्या भूमीचे चित्रण आपणच करू लागलो. ठरावीक दिवसांनी त्याच जागेवरून जाणारे असे उपग्रह प्रत्येक गाव-शहराची जणू रोजकीर्दच लिहीत असतात.

ही नोंद वाचण्याची रीत मोठी रंजक आहे. झाडांची हिरवी पाने निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, पाणी ते शोषून घेते, तर सिमेंट-काँक्रीटची तऱ्हा या दोहोंहून निराळी असते. त्यामुळे उपग्रहचित्रांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगसंगतीत वनस्पती लाल, पाणी काळसर आणि वस्ती निळसर-करडी दिसते. दोन वेगवेगळ्या वर्षांची चित्रे शेजारी ठेवली, की लाल व काळसर जागी करडा रंग कोठे पसरला, हे मोजता येते.

बेंगळुरूचे उदाहरण पाहू. मोठी नदी नसलेल्या या शहरात पूर्वजांनी तलावांची साखळी उभारली. एक तलाव भरला, की त्याचे पाणी ‘राजकालुवे’ म्हणजे मोठ्या नाल्यांवाटे उताराकडील पुढच्या तलावात जाई. तेथील भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. टी. व्ही. रामचंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ ते २०१० या काळातील उपग्रहचित्रांचा अभ्यास केला. या काळात बांधकामाखालील क्षेत्र ५८४ टक्क्यांनी वाढले, तर वनस्पतींचे क्षेत्र ६६ टक्क्यांनी आणि जलाशयांचे ७४ टक्क्यांनी घटले, असे त्यांना आढळले. तलाव बुजला तरी जमिनीचा उतार मात्र बुजत नाही. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत बेल्लंदूर व बाह्य वर्तुळाकार मार्गाचा परिसर जलमय झाला आणि रहिवाशांना ट्रॅक्टर व होड्यांतून बाहेर काढावे लागले. आकाशातून टिपलेल्या बदलाची किंमत जमिनीवर मोजावी लागते ती अशी.

अर्थात या खातेउताऱ्यालाही मर्यादा आहेत. लँडसॅटच्या १९८२ पासूनच्या चित्रांत सर्वांत लहान चौकट, म्हणजेच पिक्सेल, ३० मीटर लांब-रुंद असते. ९०० चौरस मीटरच्या या एका चौकटीत बेंगळुरूतील ३० बाय ४० फुटांचे सुमारे आठ भूखंड मावतात! शहराचा विस्तार समजण्यास हे पुरेसे असले, तरी एखाद्या घरासाठी अधिक सूक्ष्म चित्रे पाहावी लागतात. शिवाय उन्हाळ्यात आटलेला तलाव मोकळ्या माळासारखा दिसतो. म्हणून आपण जशी मार्चअखेरच्या आकड्यांची तुलना मागील मार्चअखेरशी करतो, तशी चित्रेही एकाच ऋतूतील घ्यावीत. १९७२ पूर्वीची स्थिती जाणून घ्यायची, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांकडे वळावे लागते. बेंगळुरूचे मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागी उभे आहे, ही हकीकत अशाच जुन्या नोंदींत सापडते.

सर्वसामान्य ग्राहकाला यातील बरेच काही विनामूल्य उपलब्ध आहे. २००८ पासून लँडसॅटची चित्रे मोफत मिळतात. २००९ मध्ये इस्रोने सुरू केलेल्या ‘भुवन’ संकेतस्थळावर २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ या वर्षांचे देशाचे भूवापर नकाशे पाहता येतात. घर पसंत पडले, की त्या जागेची जुनी-नवी चित्रे ताडून पाहावीत; तेथे पाणी किंवा नाल्याची रेघ दिसल्यास महसुली नकाशा तपासावा आणि शक्य झाल्यास भर पावसाळ्यात जागेवर जाऊन यावे. उपग्रहचित्र हा मालकीचा पुरावा नव्हे. वकिलाचा शोध-अहवाल आणि मूल्यांकनकाराची पाहणी यांची जागा ते घेऊ शकत नाही. मात्र कोणते प्रश्न विचारायचे, हे ते निश्चित सुचवते; आणि हे प्रश्न सही करण्यापूर्वी विचारले, तरच उपयोगाचे!