जपायचे काय, कार्ड की क्रमांक?

पावसाळा आला की आधार आणि ‘आयुष्मान’ कार्डे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली जातात. वास्तविक भिजलेले कार्ड पुन्हा मिळते. परक्याच्या हाती गेलेला आधार क्रमांक सहसा बदलून मिळत नाही. म्हणून हॉटेलात पूर्ण झेरॉक्स देण्याऐवजी शेवटचे ४ अंकच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रुग्णालयात लाभार्थ्याची ओळख बहुधा आधारवरूनच पडताळली जाते. मात्र सुरक्षिततेसाठी बोटांचे ठसे ‘लॉक’ केलेले असल्यास ऐनवेळी ते स्वीकारले जात नाहीत. लॉक उघडण्यास नोंदणीकृत मोबाइल लागतो. आणि वृद्धांच्या बाबतीत तो पुष्कळदा परगावी असलेल्या मुलाच्या खिशात असतो.