दुधाच्या दातावरचा दुष्काळ

बाळ आईच्या पोटात चार महिन्यांचे झाले की त्याच्या दुधाच्या दातांवर एनॅमल चढायला लागते. जन्मानंतर साधारण वर्षभरात ते काम पुरे होते. या मधल्या काळात आईची उपासमार झाली, बाळाला मोठे दुखणे आले, अंगावरचे दूध कमी पडले, तर एनॅमल घडवणाऱ्या पेशींचे काम थबकते आणि दातावर बारीकशी आडवी रेघ किंवा खळगा राहून जातो. हाड जन्मभर झिजते आणि पुन्हा भरून येते. एनॅमल मात्र एकदा घडले की घडले, त्याला डागडुजी नाही. त्यामुळे तीन हजार वर्षे मातीत पडलेल्या दुधाच्या दातावरसुद्धा ती रेघ आज भिंगाखाली दिसते. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात असे दात सापडले आहेत.

घोड नदीच्या काठच्या कुठल्या तरी घरावर आलेल्या वाईट दिवसांची इतकी जुनी नोंद, आणि तीही शाबूत. मला याचे नवल वाटते ते वाटतेच, पण वाईट दिवसांत आपण काय वाचावे या प्रश्नाचे एक उत्तरही मला इथेच सापडते.

दिवस वाईट आले की आपला हात आधी मोबाईलकडे जातो. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी हेच चालले होते: सकाळी उठल्या उठल्या आकडे, जेवताना आकडे, झोपण्याआधी पुन्हा आकडे. माहिती असली म्हणजे आपण सावध राहू, असे वाटायचे. 2013 साली अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाईन इथल्या संशोधकांनी साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे आढळली, आणि ती प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्या लोकांपेक्षाही जास्त होती. घरात, सोफ्यावर, सुरक्षित बसलेल्या माणसांमध्ये!

बातमीचा यात दोष नाही. टँकर कधी येणार, धरणात पाणी किती उरले, चारा छावणी कुठे उघडली, हे कळायलाच हवे. ते कळायला मात्र दहा मिनिटे पुरतात. उरलेल्या पाच तास पन्नास मिनिटांत आपण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकत असतो आणि ती कुठे जाणार हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते, कारण ती अजून घडतेच आहे. संकटाला आरंभ, मध्य आणि शेवट असतो. हे तिन्ही ज्यात एकत्र भेटते ते पुस्तक. इनामगावच्या उत्खननावरचे पुस्तक तर तीन सहस्रके मागे जाऊन हे दाखवते.

1968 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी इनामगावची पांढर उकरायला घेतली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. एखादा उभा खड्डा घेऊन किती थर आहेत हे पाहायचे आणि निघून जायचे, अशी ही मोहीम नव्हती. त्यांना अख्खे गाव पाहायचे होते: घरे कशी, गल्ल्या कशा, कोण कुणाच्या शेजारी राहायचे. म्हणून त्यांनी जमीन आडवी उघडत नेली, 1983 पर्यंत, हंगामामागून हंगाम. शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. मुख्य अहवाल छापून आला 1988 साली. पहिली कुदळ पडल्यापासून वीस वर्षांनी! कुठल्याही वृत्तवाहिनीला इतका धीर धरता येणार नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

त्या वीस वर्षांतून काय हाती आले ते पाहा. इ.स.पू. 1600 च्या आसपास इथे शेतकरी येऊन वसले. इ.स.पू. 1400 पासून पुढची चारशे वर्षे गावाच्या भरभराटीची. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून या काळातल्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात. तिची भांडी लाल, त्यावर काळी नक्षी, काहींना तोटी, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणीत वाजावे. लोक चौकोनी, ऐसपैस घरांत राहत. गहू, जव, कडधान्ये, तीळ पिकवत. बोरे, आवळे, जांभळे खात. ही यादी वाचताना मी दरवेळी थांबतो. शिरूरच्या बाजारात आजही हेच सगळे मिळते.

आणि बंधारा! नदीच्या बाजूने दगडमातीचा सुमारे 240 मीटर लांबीचा बांध आणि त्याला लागून पाणी नेणारा पाट इथे मिळाला. पुराचे पाणी वळवून शेतीला द्यायचे, ही युक्ती त्या माणसांनी लोखंडाच्या हत्याराशिवाय केली. त्यांच्याकडे तांबे होते तेही बेताचेच, बाकी काम गारगोटीच्या पात्यांवर चाले. आज याच घोड नदीवर चिंचणीला धरण आहे आणि आवर्तन कधी सुटणार यावर अख्ख्या पट्ट्याचे लक्ष असते. पाणी अडवायचे तर एकट्यादुकट्याचे काम नाही, गाव एक व्हावे लागते. म्हणजे गाव एक करणारा कुणीतरी असला पाहिजे. गावाच्या मध्यावरच्या एका पाच खोल्यांच्या घरात धान्याचे कोठार मिळाले. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला एक पुरुष पुरलेला होता. गावातल्या बाकी मोठ्या माणसांना जमिनीत उताणे, उत्तरेला डोके करून पुरत आणि पुष्कळांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मेलेल्याने परत चालत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा कयास आहे. रांजणातल्या माणसाचे पाय मात्र शाबूत होते.

लहान मुलांना कुठे पुरत? घरातच. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात मूल, आणि ती जोडी घराच्या जमिनीखाली. सोबत छोटी भांडी, बहुधा खाण्यापिण्यासाठी. वरची जमीन पुन्हा चोपून सारवली जाई आणि घर चालू राही. इतकी मुले जात होती, आणि प्रत्येकाला घराबाहेर न टाकता आपल्याच छपराखाली ठेवणारी आई होती. हे वाचल्यावर प्राचीन माणसाला मरणाची सवय झालेली असायची, हे विधान मला परत करवत नाही.

एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लांबट डबी निघाली. झाकण असलेली. डबीत कच्च्या मातीची, डोके नसलेली स्त्रीमूर्ती. झाकणावर तशीच दुसरी, आणि शेजारी मातीचा बैल. बैलाच्या पाठीला भोक, मूर्तीच्या पोटाला भोक. बारीक काडी घातली की ती बाई बैलावर स्वार होऊन उभी राहते. कुणीतरी हे जपून, झाकून, जमिनीत ठेवले होते. कशासाठी? मुले जगावीत म्हणून एखादे व्रत, असा एक तर्क केला जातो. बोटाएवढ्या मूर्तीला बैलावर बसवणारी ती काडी कधीच कुजून गेली, पण ती कशी बसत असेल हे उत्खनन करणाऱ्यांनी दोन भोकांवरून ओळखले.

आता मूळ गोष्टीकडे. इ.स.पू. 1000 च्या सुमारास काहीतरी बिघडले. उत्तरेकडे, गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यांतली जोर्वे लोकांची गावे ओस पडली. भीमेच्या खोऱ्यातले इनामगाव टिकले, पण बदलले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. भांडी जाडीभरडी झाली. गव्हाचा भर गेला. उकिरड्यात रानातल्या जनावरांची हाडे वाढली: हरणे, सांबरे. म्हणजे शेतात भागेना तसे लोक शिकारीकडे आणि मेंढ्याशेळ्यांकडे वळले, थोडेफार फिरस्ते झाले. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन आजही या टापूतून जाताना दिसतात. तीही कोरड्या मुलखात जगण्याची जुनी, शहाणी रीत आहे. असे करत करत इनामगावकरांनी आणखी तीनशे वर्षे काढली. इ.स.पू. 700 च्या आसपास गाव सुटले.

ढवळीकरांनी याचे कारण दिले ते पाऊसमान घटल्याचे. नंतर अमेरिकी अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इथल्या मुलांची हाडे पुन्हा तपासली. शेवटच्या काळात मुलांची वाढ खुंटत होती, हे त्यांना दिसले. पण हवामान एकाएकी पालटले, हे त्यांना पटले नाही. हा मुलूख आधीपासूनच कमी पावसाचा होता, तेव्हा सगळा भार पावसावर टाकून चालणार नाही, असा त्यांच्या 2011 च्या पुस्तकातला सूर आहे. इथल्या दातांवर आणि कवट्यांवर सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स या अभ्यासकांनीही वर्षानुवर्षे काम केले. पावसाचा हा वाद मिटलेला नाही आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कुणी आरडाओरडा केला नाही. एका पिढीने पुरावा मांडला, दुसरीने तोच पुरावा उचलून उलट प्रश्न विचारला. दुष्काळ आभाळातून येतो की आपण जमीन आणि धान्य कसे वापरतो त्यातून येतो, हाच प्रश्न आज मराठवाड्यात, माणमध्ये, शिरूरच्या पूर्व भागात आपल्यासमोर आहे.

तारखा जुळवल्या की अंगावर काटा येतो. इनामगावचे उत्खनन चालू होते त्याच वर्षांत, 1970 ते 1973, महाराष्ट्रात तो मोठा दुष्काळ पडला. आपले आजीआजोबा त्याला नुसते बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. लोक मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढत होते, खडी फोडत होते, पाझर तलावांची आणि नालाबंडिंगची माती उचलत होते. मे 1973 मध्ये सरकारी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. जमिनीच्या वर एक दुष्काळ चालू, जमिनीखाली दुसरा हळूहळू उघडा पडतो आहे.

1973 च्या उन्हाळ्यातले वर्तमानपत्र वाचणाऱ्याला पुढचे काही दिसणे शक्यच नव्हते. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला, आणि 2005 साली देशभरासाठीच्या रोजगार हमी कायद्याला त्याचाच आधार मिळाला. मागेल त्याला काम, हे तत्त्व त्या खडीच्या ढिगांतून आले. ही सगळी गोष्ट सांगायला तीसहून अधिक वर्षे जावी लागली. रोजच्या रोज दुष्काळ पाहणाऱ्याला फक्त ढीग दिसला असता.

डेक्कन कॉलेजमधूनच 1877 साली बी. ए. झालेला एक विद्यार्थी पुढे बातमीवाचून सहा वर्षे राहिला. बाळ गंगाधर टिळक. 1908 साली त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि मंडालेला नेले. ‘केसरी’च्या संपादकाला तिथे वर्तमानपत्र मिळत नव्हते. पुस्तके मात्र मिळत होती. कोठडीत त्यांनी शेकडो ग्रंथ जमवले, जर्मन आणि फ्रेंच वाचण्याइतके शिकून घेतले, आणि 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. 1912 साली घरून एक बातमी आली: पत्नी सत्यभामाबाई गेल्या. ती वाचून पुन्हा पुस्तकांकडे वळण्याखेरीज त्यांच्या हाती काही नव्हते. तुरुंगाची सक्ती कुणाच्या वाट्याला न येवो. पण बातमी बंद झाल्यावर एका वर्तमानपत्रवाल्याचे डोके कुठवर गेले, हे आपल्याच घरातले उदाहरण आहे.

पुस्तकात रमणे म्हणजे पळ काढणे, असे काहीजण म्हणतात. मला ते मान्य नाही. इनामगाव वाचणारा माणूस दुष्काळापासून पळत नाही, उलट एका दुष्काळात तीनशे वर्षे राहून येतो. त्याला पाणी अडवणारे हात दिसतात, मडक्यात मूल ठेवणारी आई दिसते, गव्हावरून शिकारीवर आलेले घर दिसते. नंतर तो शेजाऱ्याच्या विहिरीकडे आणि आपल्या उसाकडे अधिक डोळसपणे पाहतो. हे बळ मला अजून कुठल्या बातमीपत्रातून मिळालेले नाही.

उत्खननाचा अहवाल इंग्रजीत आहे आणि जाडजूड आहे, तो सगळ्यांनी वाचावा असे मी म्हणणार नाही. पण ढवळीकरांनीच मराठी वाचकांसाठी ‘महाराष्ट्राची कुळकथा’ लिहून ठेवली आहे, राजहंस प्रकाशनाने ती काढली आहे. पुढच्या वेळी वाईट बातम्यांचा आठवडा आला की कामापुरती बातमी ऐका, टीव्ही बंद करा आणि गावातल्या वाचनालयात जाऊन हे पुस्तक मागा. तिथे नसेल तर मागवून ठेवायला सांगा.