नव्या बोल्ट रायफलीचा बिघडलेला चाप

पीकसंरक्षणासाठीं किंवा आत्मसंरक्षणासाठीं परवान्याचें हत्यार बाळगणारे शेतकरी आपल्या वाचकवर्गांत आहेत. त्यांपैकीं पुष्कळांजवळ ठासणीची अगर बारा बोअरची बंदूक असते. कांहींनीं ३१५ बोअरची बोल्ट रायफल घेतलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें शिकारीचा शौक संपला, व पिकांत शिरणाऱ्या रानडुकरावरहि वनखात्याच्या परवानगीवांचून गोळी झाडतां येत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. पण गोळी झाडण्याचा प्रसंग वर्षांत एकदां येवो वा न येवो, हत्यार मात्र बारा महिने घरांत असतें. त्याचा चाप भरंवशाचा आहे कीं नाहीं, हें मालकानें स्वतः जाणलें पाहिजे.

चापाची रचना अवघड नाहीं. बोल्ट मिटला कीं आंतील फायरिंग पिन ताणलेल्या स्प्रिंगवर मागें अडकून राहते. तिला अडवून धरणारा पोलादाचा लहानसा अडसर असतो. कारागीर त्यास सिअर म्हणतात. चाप ओढला म्हणजे अडसर सुटतो, पिन पुढें धांवते आणि काडतूस पेटतें. अडसराची पकड फार थोडी असते. पुष्कळ रायफलींत ती अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास. एवढ्याशा जागेवर सर्व भिस्त आहे. तेथें घट्ट झालेलें ग्रीस, धूळ किंवा धातूचा कीस शिरला, अगर वजन हलकें करण्याच्या हौसेनें कोणीं स्क्रू फिरवला, कीं पकड उरत नाहीं.

पुष्कळ वेळां मालक ज्यास बिघाड म्हणतो तो बिघाड नसतो. जुन्या ली-एनफिल्ड धाटणीच्या रायफलीचा चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यांत तो सैल वाटतो, दुसऱ्यांत बोटास जोर लागतो. हा सैलपणा मुद्दाम ठेवलेला आहे, तो काढूं नये. बोल्टची मूठ पुरती खालीं बसली नसेल किंवा सेफ्टीची कळ अर्धवट राहिली असेल तर चाप ओढूनहि पिन पडत नाहीं. पिन पडली, ‘टक्’ झालें, पण बार उडाला नाहीं, तर दोष बहुधा चापाचा नव्हे. काडतूस सर्द असेल, किंवा कारखान्यांतून येतांना बोल्टमध्यें भरलेलें ग्रीस पुसलें गेलें नसेल. अशा वेळीं नळी मोकळ्या जमिनीकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबावें आणि मगच बोल्ट उघडावा. उशिरां पेटलेलें काडतूस उघड्या बोल्टमधून तोंडावर येतें.

आमच्याकडील हवेंत आणखी एक कारण संभवतें. ली-एनफिल्ड धाटणींत चाप खालच्या गार्डावर बसवलेला असतो आणि अडसर वरच्या लोखंडी भागास. मधें असतो लांकडी दस्ता. पावसाळ्यांत लांकूड फुगलें, उन्हाळ्यांत आटलें किंवा गार्डाचे स्क्रू ढिले पडले, म्हणजे दोघांचें अंतर बदलतें. दिवाळीनंतर घेतलेल्या रायफलीचा चाप आषाढांत निराळा वाटला तर प्रथम स्क्रू व लांकूड तपासवून घ्यावें.

आतां खरा घातक बिघाड. चाप न ओढतां पिन सुटणें हा तो बिघाड होय. मग ती बोल्ट मिटतांना सुटो, दस्त्यास धक्का लागून सुटो, कीं सेफ्टी काढतांना सुटो. या बाबतींत अमेरिकेंतील रेमिंग्टन कंपनीचें प्रकरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तिची ‘मॉडेल ७००’ ही शिकारी रायफल १९६२ मध्यें बाजारांत आली व अफाट खपली. तिच्या चापावर पोलादाची एक सुटी पट्टी बसे. प्रत्येक बारास ती चापापासून क्षणभर दूर होई, आणि त्या फटींत कचरा किंवा जुनें तेल अडकल्यास अडसराची पकड कमी होई, असा आक्षेप होता. त्यांतच १९८२ पर्यंतच्या रायफलींत काडतूस काढण्यासाठीं आधीं सेफ्टी काढावी लागे. ऑक्टोबर २००० मध्यें मोंटाना प्रांतांत शिकारीहून परतलेली एक बाई अशी रायफल रिकामी करीत होती. सेफ्टी काढतांच बार उडाला आणि पलीकडे असलेला तिचा नऊ वर्षांचा मुलगा ठार झाला. कंपनीनें रचनेंत दोष असल्याचें नाकारलें. २००६ पासून नवा चाप निघाला. परंतु एप्रिल २०१४ मध्यें कंपनीनेंच आठ वर्षांतील तसल्या रायफली परत मागविल्या; कारण जोडणी करतांना स्क्रूस लावलेला चिकट पदार्थ कांहींत जास्त झाला होता, आणि त्यामुळें बार आपोआप उडण्याचा संभव होता. कोऱ्या करकरीत रायफलींचा हा दोष होता!

अशा तक्रारींत एक उत्तर पुनःपुन्हां मिळे: “रायफल तपासली, दोष आढळला नाहीं.” आमचें आयुष्य महसुली कचेरींत गेलें. पंचनाम्यांत ‘आढळलें नाहीं’ याचा अर्थ ‘नव्हतें’ असा कोणीं लावीत नाहीं. कचरा एका वेळीं अडकतो, पुढच्या धक्क्यानें निघून जातो. मग तपासणाऱ्यास काय दिसणार? एकदां आपोआप पडलेली पिन शंभर वेळां नीट चालली तरी रायफल बरी झाली असें समजूं नये.

तपासणी घरीं करतां येते. सर्व काडतुसें दुसऱ्या खोलींत कुलपांत ठेवावीं. बोल्ट उघडून नळीचें घर डोळ्यांनीं पाहावें, करंगळीनें चांचपावें. नळीपुढें वाळूचें पोतें असावें व त्या बाजूस माणूस नसावें. नंतर बोल्ट दहाबारा वेळां जोरानें मिटावा. पिन पडतां कामा नये. मग सेफ्टी लावून चाप घट्ट ओढावा, सोडावा, बोट बाजूस घ्यावें आणि सेफ्टी काढावी. याच क्षणीं कान देऊन ऐकावें. ‘टक्’ झालें तर रायफल वापरांतून काढावी. शेवटीं, पिन चढलेली व सेफ्टी काढलेली असतां दस्त्यावर चारी बाजूंनीं हाताचे तळवे मारून पाहावे.

याच्या पलीकडे मालकानें जाऊं नये. चापाचे स्क्रू फिरवणें, अडसर कानशीनें घासणें, आंत तेल ओतणें, हे तिन्ही उद्योग गांवांत कोणी तरी हौशी मनुष्य करून देतो, आणि त्याच्या शिफारशीहि फार असतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें हत्यारें दुरुस्त करण्याच्या धंद्यास परवाना लागतो. गांवच्या लोहाराजवळ तो नसतो. ज्या दुकानांतून रायफल घेतली तेथेंच ती पोंचवावी. सोबत लेखी अर्ज द्यावा, त्यांत रायफलीचा नंबर, खरेदीची तारीख, पिन कोणत्या दिवशीं, किती वेळां व कोणत्या हालचालीनें पडली, सेफ्टी कोठें होती, हें सर्व लिहावें. नुसतें “चाप बिघडला” असें तोंडीं सांगितल्यास दुकानदार दोन वेळां ओढून पाहतो व परत देतो. अर्जाच्या नकलेवर दुकानाची सही व शिक्का घ्यावा आणि ती नक्कल परवान्याच्या कागदांत ठेवावी. रायफल दुकानीं जाईपर्यंत बोल्ट काढून निराळ्या कुलपांत असावा, आणि त्याची किल्ली मालकाच्या कमरेस.