विश्लेषण : मोबाइल गेम कोणी खेळायचा, हे कोण ठरवते?

कुडाळ तालुक्यातील वालावल हे लक्ष्मीनारायणाच्या मंदिरासाठी आणि त्यालगतच्या तलावासाठी ओळखले जाणारे गाव. अशा गावात घरातल्या एकाच फोनवर आजीचा ल्युडो, वडिलांचा क्रिकेटचा आणि मुलाचा गोळीबाराचा गेम सुखाने नांदू शकतो. ही वाटणी केवळ आवडीनिवडीची नाही. बरीचशी जाहिरातीने घडवलेली आहे.

‘गेम म्हणजे पोरांचे’ हे कधीपासून?

१९८० चा ‘पॅक-मॅन’ स्त्रियांनाही आवडावा म्हणून घडवला होता. मात्र १९८३ मध्ये अमेरिकेतील गेमचा बाजार कोसळला आणि दुकानदार माल ठेवेनात. १९८५ मध्ये जपानच्या निन्टेंडोने आपले यंत्र सोबत रोबो देऊन खेळणे म्हणून विकले. खेळण्यांच्या दुकानात मुलगे आणि मुलींचे विभाग वेगळे. गेम मुलग्यांकडे गेले. पुढे सेगाने किशोरांना, सोनीने ‘प्लेस्टेशन’द्वारे तरुणांना हेरले. २००६ मध्ये निन्टेंडोनेच ‘वी’च्या जाहिरातींत अख्खे कुटुंब दाखवले आणि एरवी न खेळणारी माणसेही खेळू लागली.

महाराष्ट्रात काय घडले?

नवी मुंबईत तयार झालेला ‘ल्युडो किंग’ २०१६ मध्ये आला. बालपणीच्या आठवणीला हाक, एकाच फोनवर आळीपाळीने खेळण्याची सोय आणि इंटरनेट नसले तरी चालणारा डाव, यामुळे वयाची अटच उरली नाही. २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोहोचला. सोंगट्यांचा पट ठाऊक असलेल्या पिढीला तो शिकवावाही लागला नाही.

मुंबईच्या ‘ड्रीम ११’ने दुसरी वाट धरली. २०२० मध्ये ती आयपीएलची मुख्य प्रायोजक होती आणि जाहिरातींत नामवंत क्रिकेटपटू होते. पैशांच्या गेमच्या जाहिरातीत १८ वर्षांखालील व्यक्ती खेळताना दाखवू नये, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम १५ डिसेंबर २०२० पासून लागू झाला. पण सामना तर सारे घर एकत्र बघते. मूल पडद्यावर नसले, तरी पडद्यासमोर असतेच.

वयाचे कुंपण किती पक्के?

पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ आला, तो १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तास आणि ७००० रुपये अशी मर्यादा घेऊन. दिवसाला ७००० ही मर्यादा कोणत्या घरासाठी ठरवली, हा प्रश्न पडतोच. पालकांच्या संमतीसाठी ओटीपी लागतो. घरात फोन एकच असेल तर तो मुलाच्याच हातात येतो.

कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘ड्रीम ११’ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, पण ही तरतूद लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत आहे.

फुकट मिळणारे आणि आत पोशाख, बंदुका विकणारे गेम या बंदीबाहेर आहेत. प्ले स्टोअरवर गेमसोबत ३+, ७+, १२+ असा वयोगट दिसतो. तो प्रामुख्याने हिंसा, भाषा अशा आशयावरून ठरतो. पैसे लागतील का, हे ‘अ‍ॅपमधील खरेदी’ या वेगळ्या, बारीक ओळीत लिहिलेले असते.